शंभर पाण्यांचं तूप

माझं ठळक टाइपात छापून आलेलं पहिलं वाक्य अगदी खरं होतं. त्यानं जेवढं नुकसान केलं तेवढं पुढे माझ्या कुठल्याही खोट्या वाक्यानं केलं नाही, आणि खोटी वाक्यंही मी काही कमी लिहिलेली नाहीत. चळवळीत वय गेलं की ती हातून होतात. ते पहिलं वाक्य असं होतं: ‘बाळंतिणीला हाक मारल्याने तूप फुटत नाही.’ ठळक टाइपात, वर एक रेघ, खाली एक रेघ. छापखान्यातून ओल्या शाईची ती चळत छातीशी धरून मी कब्बनपेटेतून घरी चालत आले तेव्हा पोलक्यावर ते वाक्य उलटं उमटलं होतं. मला त्याचा अभिमान वाटला होता. विशीतल्या माणसाला कशाचाही वाटतो.

आम्ही वठारात राहायचो. मध्ये अंगण, अंगणात एकच नळ आणि भोवती दीड-दीड खोल्यांची बिऱ्हाडं. शेजारी मागवाले होते, त्यांची खटखट पहाटे सुरू व्हायची आणि दिवेलागणीला थांबायची. मधल्या काळात अप्पांचं शिलाईचं मशीन तिला ताल द्यायचं. घरात मराठी, नळावर कन्नड, आणि गिऱ्हाईक कंटोन्मेंटातलं असलं की अप्पांचं तीन शब्दांचं इंग्रजी, अशी आमची व्यवस्था होती. आमचे पूर्वज राजाच्या फौजेबरोबर या मुलखात आले असं अप्पा सांगायचे. वठारातली सगळीच मराठी घरं तसं सांगायची. फौजेच्या मागून, सवडीनं, पोट भरायला असे कुणाचेच पूर्वज आले नव्हते असं दिसतं. तीनशे वर्षांनी त्या शौर्यातून उरलं होतं ते एवढंच, की अप्पा अजून फौजेचे कोट शिवत होते.

अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. पंधराव्या वर्षी विधवा होऊन परत आली ती भावाच्या घरी कायमची राहिली. अप्पा तिला अक्का म्हणायचे म्हणून आम्ही सगळेच अक्का म्हणायचो. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. घरात तिचा शब्द चालत नसे, आणि तो चालवून बघण्याच्या फंदात ती कधी पडली नाही. कुणी काही सांगितलं की ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणायची आणि करायला लागायची. एक काम मात्र अप्पा तिच्याशिवाय कुणाला देत नसत, ते म्हणजे गुंड्या मोजण्याचं. कोटाला किती, बाहीला किती, शंभर कोटांच्या किती, हे ती मूठमूठ उचलून मोजायची, आणि तिची एक गुंडी इकडची तिकडे झाल्याचं कुणाला आठवत नाही. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा हे माझ्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं आणि मी पत्रकं वाचत होते.

मी एका माता-आरोग्य मंडळात जायचे. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंची तिन्ही मुलं आयांच्या हातून डब्याच्या दुधावर वाढली होती आणि त्या आईच्या दुधावर फार सुंदर भाषण करायच्या. मला लिहिता येतं हे कळल्यावर त्यांनी मला पत्रकांना जुंपलं. मला तेवढंच हवं होतं. जगात जे काही चाललंय ते चुकीचं आहे आणि एका पानात दुरुस्त करता येतं, अशी माझी खात्री होती.

त्याच सुमाराला पद्मावहिनी बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई नव्हती, म्हणून आमच्याकडेच झालं. माहेर म्हणजे काय, तर बाळंतिणीला झोपू देणारं घर, ही व्याख्या मला तेव्हा सुचली असती तर पत्रकात चांगली शोभली असती. आमच्या घरात धुरी होती, लसणीचं सार होतं, मेथीची पेज होती, शेपूची भाजी तर तीन त्रिकाळ होती. झोप नव्हती. आई दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर पत्रक काढून तिचा बंदोबस्त करता आला असता. ती स्वतः पाच बाळंतपणांत पाचव्या दिवशी चुलीपाशी बसली होती, आणि आपण केलं ते दुसरीलाही जमतं असं तिचं साधं गणित होतं. “पद्मा, भाताकडे बघ गं.” “पद्मा, नळाला पाणी आलं.” अण्णाला, म्हणजे माझ्या भावाला, यशवंतपूरच्या मालधक्क्यावर दुपारपाळीची कारकुनी करायला निघताना रुमाल सापडायचा नाही, तो हाक मारायचा. अप्पांना पाणी लागायचं. आणि मी? मीही हाका मारायचे. “वहिनी, हे प्रूफ एवढं धर, मी वाचते.” स्त्रियांच्या उद्धाराचं प्रूफ ती मांडीवर पोर घेऊन धरायची.

आठव्या दिवशी तिच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या. हा शब्द घरात कुणी तोंडातून काढत नसे. आई ‘तिथं’ म्हणायची, अक्का ‘बाळाच्या तोंडाशी’ म्हणायची. पुढे मी तो पत्रकात लिहिला तेव्हा छापखान्यातल्या म्हाताऱ्या जुळाऱ्यानं मान खाली घालून सांगितलं होतं, की त्या शब्दाचे खिळे आमच्याकडे नाहीत. पोर प्यायला लागलं की वहिनी पदराचा बोळा दातांत धरायची. तिला इस्पितळातून निघताना टाय लावलेल्या एका गृहस्थानं फुकट दिलेली मलमाची बाटली होती, गुलाबी, गुलाबाच्या वासाची. ती लावली की पोर तोंड फिरवून किंचाळायचं. मी पेटलेच. ‘आईच्या छातीला गुलाबाचा वास कुणासाठी?’ असं शीर्षक तिथल्या तिथं सुचलं. ते आजही मला वाईट वाटत नाही.

त्या संध्याकाळी अक्कानं माळ्यावरून तांब्याची परात काढली. वाटीभर गाईचं तूप परातीत घेतलं, वर गार पाणी ओतलं, आणि तळहातानं गोल गोल फेसायला लागली. पाणी गढूळ झालं की ओतून द्यायचं, नवं घ्यायचं, पुन्हा फेसायचं. अशी शंभर पाणी. एकेका पाण्याला एक गुंडी या वाटीतून त्या वाटीत. तिसाव्या पाण्याला तुपाचा पिवळेपणा गेला, साठाव्याला वास गेला, आणि शेवटी परातीत जे उरलं ते तूप नव्हतंच, पांढरंशुभ्र, हलकं, बोटाला गार लागणारं काहीतरी होतं. पाजून झालं की बोटाच्या टोकावर घेऊन लावायचं. पाजायच्या आधी अप्पांच्या दुकानातली मलमलीची चिंधी कोमट पाण्यात भिजवून अगदी पुसून काढायचं, कारण ते पोराच्या पोटात जायचं नाही. इथवर माझी काही तक्रार नव्हती. उलट बाटलीवाल्याच्या थोबाडावर मारायला हे उत्तम होतं.

तक्रार होती ती अक्काच्या नियमांची. एक, हे तूप शिळं चालत नाही, दर दिवसाआड नवं करायचं. दोन, पाणी मोजणं चालू असताना बाळंतिणीनं आडवं पडून राहायचं आणि तिला कुणी हाक मारायची नाही. मारली तर तूप फुटतं, आणि तूप फुटलं की दूध आटतं. आई कशाला घाबरत नसे, पण याला घाबरली. दुपारी परात निघाली की घर चिडीचूप. अण्णाचा रुमाल आपोआप सापडायचा. आणि तिसरी गोष्ट, जिचा मला खरा संताप यायचा, ती म्हणजे अक्का मोजताना चुकायची. ऐंशीला, नव्वदीला आली की थांबायची. “अय्यो, चुकलंच बघ. पुन्हा मोजायला हवं.” की वाटी पुन्हा भरलेली. तीन तासांचं काम पाच तास चालायचं.

“अगं अक्का, शंभरपर्यंत मोजायचं ते काय अवघड आहे?” मी म्हणायचे.

“तू शिकलीस पुट्टी,” ती म्हणायची. पुट्टी म्हणजे कन्नडात चिमुरडी. “आम्हाला स्वल्प वेळ लागतो.”

एका दुपारी मी विज्ञान करायचं ठरवलं. अक्का चाळिसाव्या पाण्याला आली होती. वहिनी आतल्या खोलीत पोराला कुशीत घेऊन पडली होती. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि वठारभर ऐकू जाईल अशी हाक मारली, “वहिनी!” वहिनी दचकून उठून बसली. पोर रडायला लागलं. आई पोळपाट टाकून धावत आली. मी परातीत बोट घातलं आणि वर करून सगळ्यांना दाखवलं. तूप जसंच्या तसं होतं.

“फुटलं का? सांग ना अक्का, फुटलं का?”

अक्कानं परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “नाही गं.”

पत्रक आठवड्यात निघालं. घरी मी ते उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण जिला ऐकायची सर्वांत जास्त गरज होती तिला वाचता येत नव्हतं. हाक मारल्याने तूप फुटत नाही. एकदा केलेलं तूप पाण्यात ठेवलं तर पंधरा दिवस सहज टिकतं. शंभर हा आकडा देवळातून आलेला आहे, दहा पाणी पुरेत. आणि शेवटी, टाळ्या पडाव्यात म्हणून, ‘ज्यांना स्वतःला शंभर मोजता येत नाहीत अशा वृद्धांच्या हाती आपण आपल्या लेकीसुना किती दिवस सोपवणार?’ टाळ्या पडल्या नाहीत. अण्णा हसला. अप्पांनी मशीन जोरात चालवलं. अक्का म्हणाली, “सरी,” परात राखेनं घासली आणि माळ्यावर ठेवून दिली.

दहा पाण्यांबद्दलचं वाक्य चुकीचं होतं, पण त्यानं फक्त मुंग्या आल्या. दहा पाण्यांचं तूप तूपच राहतं, पिवळं आणि वासाचं. ते चोळीला लागलं की बेंगळुरूतल्या मुंग्यांना निरोप जातो. पत्रक वाचून करून बघणाऱ्या दोन मागवाल्यांच्या सुना आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीनं चोळीच्या काठाशी हात लावत विचारलं, “एनम्मा, बरेयोदु नीवेना?” म्हणजे लिहिणाऱ्या त्या तुम्हीच का. मी हो म्हटलं. पुढचं तिनं जे सुनावलं ते आईच्या नळापुरत्या कन्नडला कळलं नाही, हे बरं झालं.

खरं वाक्य मात्र घरात राहायला आलं. दुसऱ्या दिवसापासून आई मोकळी झाली. “पद्मा! उठ गं, आता काही फुटत-बिटत नाही, सुलूनं छापलंय.” तूप मी करत होते, वीस मिनिटांत, मुंग्या आल्यावर चाळीस पाण्यांत, आणि पंधरा दिवसांचं एकदम. वहिनी नळावर, वहिनी चुलीपाशी, वहिनी अप्पांच्या काजांवर टाके घालताना. चिरा बुजेनात. बुजायला आल्या की पुन्हा उकलायच्या, कारण पोराला ती उभ्या उभ्या, कशीतरी, एका हातानं पाजायची. मग दूध उतरेना. पोराच्या मांड्या सुकायला लागल्या, रडणं बारीक झालं. मागांच्या खटखटीत ते ऐकू येईनासं झालं तेव्हा अप्पांनी मशीन थांबवून ऐकायला सुरुवात केली. एका शनिवारी अण्णा दूध-पावडरीचा डबा घेऊन आला. त्यावर गुटगुटीत गोरं पोर होतं. आईनं तो फळीवर देवांच्या शेजारी ठेवला आणि म्हणाली, “सोमवारपासून उघडू. हिचं काही खरं नाही.”

वहिनी त्या डब्याकडे बघत होती. आपल्याला काढून टाकल्याचा कागद भिंतीवर लावावा तसा तो तिच्या समोर होता. आईचं दूध हा विषय मी तीन पत्रकांत हाताळला होता. आमच्याच फळीवर डबा, याची मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर पोराच्या आधी मला मंडळ आठवलं.

रविवारी दुपारी मी वहिनीला तूप द्यायला गेले तर ती पोर छातीशी धरून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. मी हात लावताच दचकली. “आले, आले,” म्हणाली. कुणी बोलावलंच नव्हतं.

“वहिनी,” मी विचारलं, “अक्काचं तूप माझ्या तुपापेक्षा एवढं चांगलं होतं का? मीही तसंच करते. पांढरं होईपर्यंत.”

“तुपाचं काय घेऊन बसलात सुलूवन्सं,” ती म्हणाली. “तेवढा वेळ मी झोपायचे.”

मी हातातल्या तुपाच्या वाटीकडे पाहिलं. तिला वाटलं मला कळलं नाही.

“पाच-पाच तास. आईंच्यादेखत. आडवी पडून पाजायचे, पोरही नीट धरायचं.” ती थोडी हसली. “आणि तुम्हाला वाटतं त्यांना मोजता येत नाही? मी डोळे मिटून बघायचे ना. नव्वदीला आल्या की वाटीत हात घालायच्या आणि मूठभर गुंड्या परत इकडे टाकायच्या. मग ‘अय्यो’ म्हणायच्या.”

गेल्या महिन्यात माझी नातसून इंदिरानगरातल्या एका दुकानातून काचेची बरणी घेऊन आली. शंभर वेळा धुतलेलं तूप, नैसर्गिक, खास पाजणाऱ्या आयांसाठी, असं वर लिहिलंय. बोम्मसंद्र्याला कुठंतरी यंत्रावर करतात म्हणे, शंभर म्हणजे शंभर, यंत्र चुकत नाही. चांगलं आहे, वास नाही, मुंग्या नाहीत. मी विचारलं, “आणि तू झोपतेस कधी?” तिला वाटलं आजीला कमी ऐकू येतं, तिनं वरचं लेबल पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवलं. पोर एका हातात आणि ऑफिसचा फोन दुसऱ्या हातात. त्या बरणीत सगळं घातलंय, हाक न मारण्याचा नियम तेवढा राहिला. हे मी लेबलवाल्यांना पत्र लिहून कळवणार होते. मग म्हटलं, आपण कोणत्या तोंडानं?

त्या रविवारी वहिनीपासून उठून मी अक्काकडे गेले. ती अंगणाच्या पायरीवर बसून हुकांच्या जोड्या लावत होती. एका भावाच्या घरी चाळीस वर्षं राहिलेल्या बाईला भावजयीला सांगता येत नाही, की सुनेला झोपू दे. तिच्याकडे शब्द नव्हता, अधिकार नव्हता, तूप होतं. ती भिंत तिनं तुपाची बांधली होती आणि मी तीत बोट घालून सगळ्यांना दाखवलं होतं. हे सगळं मला बोलायचं होतं. मी म्हणाले, “अक्का, परात काढतेस का?”

“कशाला? तू करतेस की.”

“तू मुद्दाम चुकायचीस.”

तिनं मान वर केली नाही. “मला कुठं मोजता येतं? तूच वाचून दाखवलंस.” आणि हुकांची पुडी बांधून अप्पांना हाक मारली, “बारा डझन, दोन कमी आहेत रे, दुकानदाराला सांग.”

माफी मागायची पद्धत आमच्या घरात नव्हती, मंडळातही नव्हती. मी तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, “माझं आता कोण ऐकणार, पुट्टी? तुझी आई हसेल. तू शिकलेली. तुझं ऐकेल.”

सोमवारी सकाळची कामं आटपली तशी मी परात स्वतः काढली आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यातच मांडली, म्हणजे ओलांडल्याशिवाय कुणाला आत जाता येणार नाही. गुंड्यांच्या दोन वाट्या घेतल्या. वहिनीला म्हटलं, “पड.” ती माझ्याकडे बघत राहिली. “पड गं.” ती पोराला घेऊन कुशीवर वळली. फळीवर डबा होता. आई चमचा शोधत होती.

सतराव्या पाण्याला स्वयंपाकघरातून हाक यायला लागली, “पद्मा…”

“आई!” मी ओरडले. मागांची खटखटही थांबल्यासारखी झाली. “हाक मारू नकोस! तूप फुटतं!”

आई दारात आली. हातात चमचा. “तूच ना छापलंस फुटत नाही म्हणून? वठारभर वाटलंस.”

“खोटं होतं ते,” मी म्हणाले. “मी नंतर पुन्हा करून पाहिलं. दुसऱ्या खेपेला फुटलं. म्हणून तर दूध उतरत नाहीये तिचं.”

माझ्या आयुष्यात मी इतकं सफाईदार खोटं बोलले नव्हते, आणि इतक्या विज्ञानाच्या सुरात. आईनं परातीकडे पाहिलं. मी मान न उचलता फेसत राहिले. पायरीवरून अक्काचा आवाज आला, कुणाला उद्देशून नाही, “छापलेलं सगळं खरंच असतं असं थोडंच आहे.” आईनं चमचा ठेवून दिला आणि भाताकडे स्वतः गेली.

तो डबा न उघडताच पुढच्या आठवड्यात अण्णा परत घेऊन गेला. पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक नव्हतं. तूप पांढरं झालं होतं, माझी बोटं सुरकुतली होती, दंड भरून आला होता. आत पोर पिता पिता थांबत होतं आणि पुन्हा चुळूचुळू प्यायला लागत होतं. वहिनीचं तोंड उघडं होतं, बारीक घोरत होती. गुंड्या शहाण्णव झाल्या होत्या. अक्का पायरीवरून नुसती बघत होती, माझ्या हाताकडे. मी दुसऱ्या वाटीत हात घातला, मूठ भरली आणि पहिल्या वाटीत सोडली.

“अय्यो,” मी मोठ्यानं म्हणाले, “चुकलंच बघा.”